संगणक-सहायकाची स्मरणवही

गुहागर तालुक्याचा किनारा नारळी-पोफळीच्या आगरांसाठी प्रसिद्ध आहे. याच तालुक्यात वेळणेश्वर येथे अभियांत्रिकी महाविद्यालयही उभे राहिले. आगराचा हिशेब आणि संगणकाची आज्ञावली ही दोन क्षेत्रे आता एकमेकांस परकी राहिलेली नाहीत. त्यातच आज्ञावली लिहिण्यास साहाय्य करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने उपलब्ध झाली आहेत. ‘गिटहब कोपायलट’ २०२१ मध्ये चाचणीसाठी खुले झाले. पुढे ‘कर्सर’, ‘क्लॉड कोड’ इत्यादी साधने आली. वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी आणि कामाच्या रीती हे सहायक कसे लक्षात ठेवतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

शिकणे वेगळे, आठवणे वेगळे

एखादा विद्यार्थी बागायतदारांच्या सहकारी संस्थेसाठी खरेदीची आज्ञावली तयार करीत आहे, असे समजावे. संस्थेत नारळ नगावर आणि सुपारी किलोवर घेतली जाते. रक्कम १,००,००० अशी लिहितात. हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. हे न सांगितल्यास सहायक रक्कम १००,००० अशी मांडण्याचा आणि वर्ष जानेवारीपासून धरण्याचा संभव असतो. कारण ज्या मजकुरावर त्याचे शिक्षण झाले, त्यात इंग्रजीचा आणि पाश्चात्त्य रीतींचा वाटा मोठा असतो.

हे शिक्षण अब्जावधी अंकांच्या रूपाने सहायकाच्या गाभ्यात, म्हणजे ‘मॉडेल’मध्ये साठलेले असते. रोजच्या वापरात ते अंक बदलत नाहीत. विद्यार्थ्याने आज चूक दाखविली, तर त्या संभाषणापुरती ती सहायकासमोर राहते. नव्या संभाषणाचा आरंभ कोऱ्या पाटीवर होतो. काही कंपन्या असे संवाद पुढील प्रशिक्षणासाठी वापरतात. परंतु त्यातून घडते ते सर्वांसाठीचे नवे मॉडेल, एका व्यक्तीची आठवण नव्हे.

वहीचे दोन प्रकार

मग आठवण राहते कोठे? ती मॉडेलबाहेर, लिखित टिपणात राहते. पहिल्या प्रकारात वापरणारा स्वतः सूचनांची फाइल लिहून ठेवतो. काम सुरू होताच ती फाइल सहायकापुढे ठेवली जाते. दुसऱ्या प्रकारात सहायकच संभाषणातील महत्त्वाच्या बाबी टिपून ठेवतो आणि पुढे त्यांतील उपयुक्त टिपणे प्रश्नासोबत मॉडेलला पुरविली जातात. ‘चॅटजीपीटी’मध्ये अशा स्मरणाची चाचणी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. दोन्ही प्रकारांत मॉडेल दर वेळी वही नव्याने वाचते, इतकेच.

एका वेळी मॉडेलसमोर किती मजकूर राहू शकतो, यालाही मर्यादा आहे. संभाषण लांबले, की काही साधने आधीच्या भागाचा सारांश करतात. त्यात आरंभीची एखादी अट गळून पडू शकते.

दक्षता कोठे हवी

समजा, संस्थेने पुढे नारळही वजनावर घेण्याचे ठरविले, पण वहीतील जुना नियम तसाच राहिला. सहायक पूर्वीच्याच रीतीने हिशेब मांडील. आज्ञावली बिनतक्रार चालेल आणि बागायतदाराच्या हाती मात्र चुकीची रक्कम पडेल. विसरणाऱ्या सहायकापेक्षा जुने नियम घट्ट धरून बसणारा सहायक अधिक घातक ठरतो, तो असा.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. सूचना थोड्या, स्पष्ट आणि परस्परांशी सुसंगत असाव्यात. ‘हिशेब नीट करावा’ असे न लिहिता ‘रक्कम दोन दशांश स्थळांपर्यंत काढावी’ असे लिहावे. नियम बदलताच जुनी नोंद खोडावी. सहायकाने आपणहून केलेली टिपणे अधूनमधून वाचावीत. परवलीचे शब्द, सभासदांचे बँक खाते क्रमांक वा आधार क्रमांक वहीत कदापि लिहू नयेत. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून घेण्याची व पुसून टाकण्याची तरतूद आहे. तथापि मुळात नोंदच न करणे हे अधिक सुरक्षित होय.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे पथ्य पडताळणीचे. सूचना वाचली म्हणजे ती पाळली गेलीच, असे नव्हे. पाच-दहा जुन्या पावत्यांचे हिशेब हाताने करून आज्ञावलीच्या उत्तराशी ताडून पाहावेत आणि नियमांत बदल झाला, की ही तपासणी पुन्हा करावी. वही सहायकाने वाचावयाची असली, तरी तिच्यातील प्रत्येक ओळीची जबाबदारी ती लिहिणाऱ्याची आणि तपासणाऱ्याचीच राहते.