कावळा बसला, फांदी मोडली

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला आपण आमवात म्हणतो, तो जडलेल्या प्रत्येकाच्या मागे एक प्रश्न लागतो. माझ्याही मागे लागला: हे झालं कशामुळे? उत्तरं द्यायला माणसं तयारच असतात. बाळंतपणात वारा लागला, तापातून उठल्यावर नीट विश्रांती घेतली नाही, दही-वांगी सोडली नाहीत, मनाला फार लावून घेतलं. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, याला काहीतरी निमित्त असणार, हे खरंच. पण दुखणं सुरू होण्याच्या जरा आधी घडलेली आणि म्हणून आठवणारी गोष्ट हेच कारण, असं मानण्यात आपली फसगत होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि आपण कावळ्याला धरून बसतो.

फांदी आधीच पोखरलेली असते, याला पुरावा आहे. नेदरलँड्समधल्या रक्तदात्यांचे जपून ठेवलेले नमुने तपासणारा एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना पुढे हा आजार झाला, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात आजाराशी निगडित प्रतिपिंडं सांधे दुखण्याआधीच सापडली, तीही साधारण साडेचार वर्षं आधी. म्हणजे मागच्या महिन्यातल्या दह्याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. सगळं खापर आनुवंशिकतेवरही फोडता येत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असला, तरी दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण सुमारे 15 टक्केच आढळतं. जनुकं जमीन तयार करतात. बी बाहेरून पडावं लागतं.

या बाहेरच्या कारणांत सर्वांत भक्कम पुरावा आहे तो विडी-सिगारेटच्या धुराविरुद्ध. धुरामुळे फुप्फुसातल्या प्रथिनांचं रूप बदलतं आणि विशिष्ट जनुकं असलेल्यांच्या शरीराला ती परकी वाटू लागतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2006 साली हा धागा मांडला. तिथेच तोंडात ठेवायची तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये अशी वाढीव जोखीम दिसली नाही, म्हणजे संशय तंबाखूपेक्षा धुरावर जातो. (म्हणून मिश्री निर्दोष ठरत नाही, तोंडाचा कर्करोग आहेच.) दगडखाणीतली सिलिकाची धूळही याच वाटेने घात करते. हिरड्यांच्या जुनाट आजाराशीही संबंध दिसतो, मात्र तिथला पुरावा अजून इतका पक्का नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘मी आयुष्यात विडीला हात लावला नाही, मग मला का?’ जोखीम म्हणजे शिक्षा नव्हे. धूर न घेताही हा आजार होतो, आणि आयुष्यभर ओढणारे अनेकजण त्यातून सुटतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चिकुनगुन्यानंतरच सांधे धरले, हे कसं नाकारायचं? नाकारू नयेच. 2006 च्या साथीनंतर महाराष्ट्राने महिनोन्‌महिने आखडलेले सांधे पाहिले आहेत. पण ते दुखणं हुबेहूब आमवातासारखं दिसलं, तरी बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. बाळंतपणानंतरच्या वर्षात हा आजार डोकं वर काढण्याची शक्यता वाढते, हेही खरं. मात्र ते त्या बाईच्या पथ्यपाण्यातल्या चुकीमुळे नव्हे. म्हणून तिला बोल लावणं थांबवा.

मग करायचं काय? घरात कोणाला हा आजार असेल, तर विडी-सिगारेट आजच सोडा. जोखीम उतरायला वर्षं लागतात, पण ती उतरते. दगड कापण्या-फोडण्याच्या कामावर पाण्याचा फवारा आणि योग्य मास्क यांचा आग्रह धरा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दाताच्या डॉक्टरांकडे जा. सकाळी उठल्यावर बोटं अर्ध्या-एक तासाहून जास्त वेळ आखडलेली राहत असतील, सांधे सुजत असतील, तर सहा आठवड्यांच्या आत ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला गाठा. रक्ततपासणीत ‘आरए फॅक्टर’ निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त राहू नका. तो निगेटिव्ह असूनही आजार असू शकतो. कारण सापडलं नाही तरी उपचार सुरू करता येतात. कारण शोधण्यात घालवलेल्या महिन्यांत झिजलेलं हाड मात्र पुन्हा भरून येत नाही.