जगण्याचं कारण सापडण्याची वाट पाहू नका

झोप लागत नाही, छातीत धडधडतं, घास गिळवत नाही, अशा तक्रारी घेऊन माणूस येतो. बीपी, शुगर बघून होतं. उठता उठता तो हळूच विचारतो, ‘‘डॉक्टर, आता कशासाठी जगायचं?’’ कुणाचा जोडीदार गेलेला असतो, कुणाचा धंदा बसलेला असतो. रावेर-यावलकडच्या एखाद्याची काढणीला आलेली केळीची बाग वादळात आडवी झालेली असते.

अशा प्रत्येकाला माझं सांगणं एकच असतं. या प्रश्नाचं उत्तर शोधत बसू नका. आधी हाताला काम द्या, उत्तर मागाहून येतं.

हे कोरडं तत्त्वज्ञान नाही. मोठ्या धक्क्यानंतर मनाची ‘पुढे काहीतरी चांगलं होईल’ असं वाटण्याची ताकदच मंदावते. त्यामुळे ‘इच्छा झाली की करीन’ म्हणणाऱ्याला इच्छा होतच नाही. काही न केल्याने मन आणखी खचतं. उदासीनतेच्या उपचारात म्हणूनच इच्छेची वाट न पाहता, घड्याळ लावून छोटी कामं करायला लावतात.

आपल्या कवयित्री बहिणाबाईंचंच बघा. 1880 साली असोद्याला जन्म, लहान वयात लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या आणि तिशीत वैधव्य आलं. पदरात मुलं, वर शेतीचं ओझं. अक्षरओळख नव्हती. गाणी जन्मली ती जात्यावर दळताना आणि शेतात राबताना. मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसं ती उतरवून घेत. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या आणि पुढच्या वर्षी गाण्यांचं पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. यातलं काहीही डोळ्यांपुढे ठेवून त्या दळायला बसल्या नव्हत्या. दळण होतं, म्हणून बसल्या. त्यांची प्रतिभा तुमच्या-माझ्याजवळ नसेल, पण रोजचं एक काम नक्की मिळू शकतं.

मग सुरुवात कुठून करायची?

पहिलं, शरीर. उठायची वेळ ठरवा आणि रात्र कशीही गेली तरी ती मोडू नका. सकाळी उन्हात वीस-तीस मिनिटं चाला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे आठच्या आत उरका. झोपेसाठी दारूचा आधार घेऊ नका, तिने झोप तुटते आणि उदासी वाढते. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 एकदा तपासून घ्या. यांच्या कमतरतेनेही माणूस गळून जातो.

दुसरं, कुणीतरी तुमची वाट पाहील असं काम धरा. शेजारच्या मुलाचं गणित घ्या, बचत गटाचा हिशेब लिहा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या काकांना दवाखान्यात न्या. तुम्ही गेला नाहीत तर कुणीतरी विचारलं पाहिजे, ‘आज का नाही आलात?’ आठवड्यातला एक वार ठरला तरी पुरे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी सहकैद्यांपुढे गीतेवर बोलत. अठरा रविवारांत अठरा अध्याय झाले आणि ‘गीता प्रवचने’ तयार झाली. तुरुंगातल्या माणसालाही पुढचा रविवार होता.

तिसरं, रात्री वहीत एक ओळ लिहा: आज कोणतं काम जड वाटलं नाही? पंधरा दिवसांनी वही चाळा. काही कामं पुन्हा पुन्हा दिसतील. तीच वाढवा.

नातेवाइकांसाठीही दोन शब्द. ‘मुलांकडे बघून जग’ हे आपण सहज बोलून जातो. ऐकणाऱ्याला मात्र ‘माझ्या दुःखाला इथे जागा नाही’ असं वाटतं. उपदेश करण्यापेक्षा जवळ बसा, गेलेल्याचं नाव घ्या, त्याच्या आठवणी निघू द्या.

आता सावधगिरी. दुःख लाटांसारखं येतं आणि मधे थोडी उसंत देतं. पण सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटत असेल, कशातच गोडी उरली नसेल, पहाटे फार लवकर जाग येत असेल, वजन उतरत असेल, तर तो आजार असू शकतो. त्यावर औषधं आणि समुपदेशन आहे, फक्त कामाला लागून भागत नाही. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. घरात कुणाला तरी सांगा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा, तो रात्रंदिवस सुरू असतो. अशा माणसाला घरच्यांनी एकटं सोडू नये, फवारणीची औषधं कुलपात ठेवावीत. तातडीने मानसोपचार तज्ज्ञाकडे जा. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं आणि जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

बाकीच्यांसाठी आजचं काम एवढंच. उद्या सकाळी कुणाच्या उपयोगी पडायचं, ते नाव आणि वेळ कागदावर लिहा, मगच झोपा.