लाइफ जॅकेट घातलंय ना, मग?

मेमोरियल डे जवळ आला की शॉमबर्गमधल्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर लेक हाउसचे फोटो फिरू लागतात. तीन-चार कुटुंबांनी मिळून घर घ्यायचं, फरसाणाचे डबे आणि ग्रिलचा कोळसा एकाच डिकीत कोंबायचा आणि चेन ओ'लेक्स नाहीतर लेक जिनिव्हा गाठायचं. जवळच्या बसी वुड्सच्या तळ्यात पोहायला बंदी, त्यामुळे मुलांचा सगळा जीव त्या घराच्या खाजगी डॉकवर. पोचल्या पोचल्या तिथूनच उड्या सुरू. आईबाबांनो, या डॉकबद्दलच जरा बोलायचंय.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना धड पोहता येत नाही. म्हणून पोरांना लवकर क्लासला घालतो, वर लाइफ जॅकेट चढवतो आणि निर्धास्त होतो. ऑगस्ट 1999 मध्ये ऑरेगनमध्ये पोर्टलंडजवळ आठ वर्षांचा एक मुलगा असाच जॅकेट घालून डॉकपाशी पोहत होता. एकाएकी तो निपचित पडला. आईने उडी घेतली, तर तिच्याही हातापायांना मुंग्या येऊन ते बधिर झाले. जवळच्या नावेतून वीज पाण्यात झिरपत होती. 4 जुलै 2012 ला तर एकाच दिवशी दोन ठिकाणी असं घडलं : मिझुरीच्या लेक ऑफ दी ओझार्क्समध्ये 13 आणि 8 वर्षांची भावंडं गेली, टेनेसीच्या चेरोकी लेकमध्ये दोन मुलगे.

गोडं पाणी विजेला फारशी वाट देत नाही. आपल्या अंगात मात्र क्षार असतात. पाण्यात झिरपलेल्या विजेला पोहणारं शरीरच सोपा रस्ता वाटतो. मालवणच्या खाऱ्या पाण्यात हा धोका बराच कमी, तळ्यात जास्त. आणि लागते ती किती? 60 वॅटचा जुना पिवळा दिवा इथे 500 मिलीअँपिअर घेतो. त्याच्या पन्नासाव्या हिश्श्यात, म्हणजे 10 मिलीअँपिअरला, स्नायू आखडायला लागतात. मूल हात मारू शकत नाही, ओरडूही शकत नाही. अंगावर भाजल्याची खूणही बहुधा राहत नाही, त्यामुळे बाहेरून नुसतं बुडणंच दिसतं.

‘पण सकाळी तासभर पोहली की!’ हे मला हमखास ऐकवलं जातं. सकाळचा तो तास काहीच सिद्ध करत नाही. शेजारच्या बोटीवरचा बॅटरी चार्जर किंवा वॉटर हीटर दुपारी आपोआप सुरू होतो, बोट उचलायच्या लिफ्टची मोटर कोणीतरी चालवतं, अंधार पडला की डॉकवरची दिव्यांची माळ लागते. गळती असेल तर ती तेव्हा जागी होते.

नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने 2011 मध्ये मरिनांवर गळती पकडणारं संरक्षण आणलं, 2017 मध्ये त्याची मर्यादा 30 मिलीअँपिअरवर उतरवली. आपल्या बाथरूममधलं टेस्टचं बटण असलेलं सॉकेट 5 च्या आसपासच तुटतं, हेही लक्षात घ्या. शिवाय मालकाने पंधरा वर्षांपूर्वी स्वतःच एक्स्टेन्शन ओढून वायरिंग केलेल्या डॉकला नवा कोड शोधत येत नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. आपलं लेकरू पाण्यात निपचित दिसलं तर उडी मारायची नाही. हे लिहितानाही हात थबकतो, कारण आईबापाला असं सांगणं म्हणजे श्वास घेऊ नका म्हणण्यासारखं आहे. पण उडी मारणाराही तसाच आखडतो. आधी डॉकचा ब्रेकर पाडा, बोटीला जाणारी केबल काढा, दुसऱ्याला 911 लावायला सांगा. ट्यूब फेका, नाहीतर कोरडी लाकडी काठी लांब करून ओढा. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर लगेच सीपीआर. तो घरातल्या दोघांना तरी आलाच पाहिजे.

मुलांनाही सांगून ठेवा : पाण्यात मुंग्या आल्या तर डॉकची लोखंडी शिडी धरायला जायचं नाही, आलास तसाच मागे फिर, डॉकपासून लांब हो, ओरडून बाकीच्यांनाही लांब कर. हे न घाबरवता, गाडीत बसल्या बसल्या सांगता येतं.

माझं मत विचाराल तर वीज असलेल्या डॉकच्या शंभर यार्डांत पोहायचंच नाही. फक्त आपला ब्रेकर पाडून भागत नाही, शेजारच्याचा चालूच असतो. सार्वजनिक बीचवर दोरीच्या आत पोहू द्या. गर्दी असते, वाळू चावते, पार्किंगचे पैसे पडतात, पडू देत. डॉक मासे धरायला आणि पाय पसरून चहा प्यायला ठेवा.

बुकिंग करण्याआधी मालकाला दोन ओळी लिहा : डॉकवर वीज आहे का, आणि इलेक्ट्रिशियनने ती शेवटची कधी तपासली? परक्या माणसाला असं विचारायला आपल्याला संकोच वाटतो, ठाऊक आहे. उत्तर टाळलं गेलं तर दुसरं घर बघा, लेक जिनिव्हाच्या आसपास घरांना तोटा नाही.