केळीच्या घडामागची ऊर्जा

डोंगरकडा परिसरातील केळीचा घड ट्रकमध्ये चढतो, तेव्हा आपण त्याचे वजन आणि भाव पाहतो. त्यामागे खर्ची पडलेली ऊर्जा पाहत नाही. वर्गात आम्ही हाच हिशेब विद्यार्थ्यांपुढे मांडतो.

प्रथम पाणी. एक हजार लिटर पाणी १०० मीटर वर उचलण्यास सिद्धांततः ०.२७ युनिट वीज लागते. पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर ती सुमारे ०.६८ युनिट होते. दहा मीटर खोल विहिरीस याचा दहावा हिस्सा पुरतो. म्हणजे भूजल खालावले की विजेची गरजही वाढते. कालव्याचे पाणी मात्र उताराने वाहते. पैनगंगेवरील इसापूर धरणाचे मोल म्हणूनच दुहेरी आहे.

दुसरे खत. युरियातील नत्र हवेतून येतो. परंतु तो बांधून ठेवण्यासाठी नैसर्गिक वायू लागतो. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असतो. तो वाहून गेला, तर वायूही वाया गेला.

तिसरे काढणीनंतरचे काम. केळी हिरवी कापून दूरच्या बाजारात जाते व शीतगृहासारख्या खोलीत पिकवली जाते. आपल्याच जिल्ह्यातील वसमतची हळद शिजवण्यास इंधन लागते. वाळवण्याचे काम मात्र सूर्य फुकट करतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सिंचन व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. वीज स्वस्त, मुबलक व खात्रीची असावी, असा त्यांचा आग्रह होता; कारण वीज हे त्यांच्या दृष्टीने दारिद्र्य निवारण्याचे साधन होते. आज आपण त्यांचाच प्रश्न विचारला पाहिजे: ही ऊर्जा कोणासाठी? रात्रीच्या विजेसाठी अंधारात, साप-विंचवाच्या भीतीने मोटार सुरू करायला जाणारा शेतकरी आणि आधणाच्या धगीत हळद शिजवणारी भूमिहीन मजूर स्त्री, दोघेही या हिशेबात कुठे दिसत नाहीत.

२०१९ पासूनच्या पीएम-कुसुम योजनेतील सौरपंप दिवसा पाणी देतात, हे स्वागतार्ह आहे. परंतु बिल येत नाही म्हणून अखंड उपसा केल्यास विहीर आटेल. सूर्य फुकट आहे, भूजल नव्हे. म्हणून सौरपंपास ठिबकची जोड हवी.

माजी विद्यार्थी शेतकरी असोत वा नोकरदार, त्यांनी या हिशेबाची वही घरी उघडावी. ताटात टाकलेला घास म्हणजे पाणी, वीज, वायू आणि कुणाचा तरी घाम एकत्र टाकणे होय.