रविवारच्या वर्गात काय सांगितलंस?

प्रिय बाबू,



काल धाकटीचा वसईहून फोन आला. तिची पोर धर्मशिक्षणाच्या वर्गातून घरी आली आणि विचारत बसली, शाळेत माझ्या बाकावरची मुसलमान मैत्रीण आपल्या मारियामातेचा तिरस्कार करते का? सरांनी सांगितलं म्हणे. सर म्हणजे तूच ना रे? मोबाइलवर येईल ते तू वाचतोस, तुझं तू बघ. पण चर्चच्या आवारात, लहान लेकरांपुढे?

अरे, कुराणातला एकोणिसावा अध्याय मारियामातेच्या नावाचा आहे. साऱ्या कुराणात नावानिशी येणारी स्त्री ती एकटीच. अबू धाबीला माझ्या खोलीवर कोझिकोडची नर्स होती, तिनं मला त्यातला प्रसंग सांगितला होता. कळा सुरू झाल्यावर मरियम खजुराच्या बुंध्याशी येते, याआधीच मेले असते तर बरं झालं असतं म्हणते. तेव्हा तिला खोड हलवायला सांगतात आणि पिकला खजूर तिच्यापुढे पडतो. येशू कुमारिकेच्या पोटी जन्मला हे मुसलमान मानतात, त्याला मसीहाही म्हणतात. ती नर्स नाताळात माझ्या गव्हाणीपाशी उभी राहायची आणि मी आपली कामाच्या घाईत. निवांत बसून तिला कधी काही विचारलं नाही. तरुणपणी वाटतं, माणसं काय, आहेतच. आता तिचा पत्ताही माझ्याकडे नाही. फार चुटपुट लागते.

मुसलमानांचा देवच वेगळा, असंही तू सांगितलंस म्हणे. अरे, अबू धाबीच्या सेंट जोसेफ चर्चमध्ये अरबीतून मिस्सा व्हायची. लेबननचे ख्रिस्ती गुडघे टेकून ‘अल्लाह’ म्हणत प्रार्थना करायचे. आणि त्या चर्चला जागा दिली ती तिथल्या शेखांनी.

फरक आहेच, तो झाकू नकोस. येशू देवाचा पुत्र हे मुसलमान मानत नाहीत, त्याला क्रुसावर मारलं हेही मानत नाहीत. आपली सारी श्रद्धा त्या क्रुसावर उभी आहे. तेव्हा हे लहान अंतर नव्हे. पोरांना ते जरूर शिकव. पण तिरस्कार? तो कुठून आणलास?

२०१९ च्या ईस्टरला श्रीलंकेत चर्चमध्ये स्फोट झाले, तेव्हापासून तुझ्या मनात भीती बसली, हे मला कळतं. त्या दिवशी मीही रडले होते. पण पुढे नेगोम्बोत मुसलमानांच्या घरांवर दगड पडू लागले, तेव्हा लोकांना आवरायला तिथले कार्डिनलच पुढे आले. त्यांची स्वतःची माणसं मेली होती, बाबू.

आणि तू ख्रिस्तसभेच्या वतीने शिकवतोस. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २८ ऑक्टोबर १९६५ लाच लिहून ठेवलंय की मुसलमान एकाच देवाची उपासना करतात, येशूला संदेष्टा मानतात, मारियेला मान देतात, आणि जुनी वैरं विसरून एकमेकांना समजून घ्या. फादरांकडून तो मजकूर माग, ते देतील. खोट्या साक्षीची आठवी आज्ञा तूच मुलांकडून पाठ करून घेतोस ना? ती पोर उद्या त्याच बाकावर जाऊन बसणार आहे रे. मैत्रिणीकडे कशी बघेल?

फार बोलले. तुझे वडील गेल्यापासून तू एकट्यानं घर ओढतोस, वाडीचं पाणी बघतोस, आणि तरी रविवार चुकवत नाहीस. मुलांचा तुझ्यावर किती जीव आहे, हे धाकटीच सांगत होती. म्हणून तर जीव तुटतो. त्या पोरीला जवळ बसवून तूच सांग, दुसऱ्या कुणाकडून नको. तुझ्याकडून ती ऐकेल.

मी पंधरवड्यात येते. सुकेळी ठेव थोडी माझ्यासाठी, आणि खोकला अजून आहे का ते कळव. रात्री उशिरापर्यंत जागू नकोस.

तुझी,
आत्या