कमी धावणारे वाहन आणि इंजिनाचे तेल

वाहन कमी धावले म्हणजे त्याची झीजही कमी, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. इंजिनातील वंगण तेलाच्या बाबतीत तो खरा नाही. चार किलोमीटरवरील शाळेत मोटारीने ये-जा करणाऱ्या मुख्याध्यापकांचे उदाहरण घेऊ. वर्षाचे २२० दिवस धरले तर मोटार १,७६० कि.मी. धावते. तेल बदलण्याचा १०,००० कि.मी.चा पल्ला तेवढा पाहिला, तर तेच तेल साडेपाच वर्षांहून अधिक काळ इंजिनात राहील. वाहनाच्या पुस्तिकेत त्याच ओळीत ‘किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते’ असे बहुधा छापलेले असते. वाचावयाचे राहून जाते ते नेमके हेच.

या अटीमागे कारण आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. बहुतेक वाफ धुराबरोबर बाहेर पडते. थोडी पिस्टनच्या कड्यांजवळून खाली उतरते आणि थंड इंजिनात पाणी होऊन तेलात मिसळते. न जळालेले इंधनही त्याच वाटेने येते. लांबच्या प्रवासात तेल चांगले तापून हे दोन्ही बव्हंशी उडून जाते. चार किलोमीटरांत तेल कोमटच राहते. मग आम्ले तयार होतात, गाळ धरतो, आणि आम्लांचा प्रतिकार करणारी तेलातील द्रव्ये खर्ची पडतात.

आवारात उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेचे इंजिन आठवड्यातून एकदा जागेवरच पाच मिनिटे चालू करण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. हेतू चांगला, परिणाम उलटा. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा २५-३० कि.मी.ची सलग फेरी करून ती नोंदवहीत लिहावी. मध्यरात्री रुग्णाला न्यावयाची वेळ आली तर वाहन दगा देण्याचा संभव त्याने कमी होतो.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘बी.एस.-६’ मानकांच्या डिझेल वाहनांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्यांतील काजळीची गाळणी साफ होण्यासाठी जादा इंधन सोडले जाते. फेरी अर्ध्यावर संपली तर त्यातील काही तेलात उतरते. तेलमापक पट्टीवर तेल घटण्याऐवजी वाढलेले दिसले, तर तो शुभशकुन नव्हे. तेल त्वरित बदलावे. अशा वाहनांना कमी राख सोडणारे तेलच चालते.

तेलाची निवड पुस्तिकेप्रमाणेच करावी. ‘५डब्ल्यू-३०’मधील पहिला आकडा थंड तेलाचा प्रवाहीपणा सांगतो, दुसरा तापलेल्या तेलाचा दाटपणा. जितके दाट तितके चांगले, हा गॅरेजमधील सल्ला नव्या इंजिनांना मानवत नाही. सिंथेटिक तेल उष्णतेत अधिक टिकते खरे, परंतु त्यातही पाणी व इंधन मिसळतेच. म्हणून महाग तेल घातले तरी वर्षाची मुदत वाढत नाही. गिअरच्या मोटारसायकलीत मोटारीचे तेल घालू नये, क्लच घसरतो, ‘जासो एम.ए.’ अशी खूण असलेले तेल घ्यावे.

कि.मी. पुरे झाले नसता तेल का बदलले, अशी हरकत लेखापरीक्षणात निघू शकते. यास्तव पुस्तिकेतील संबंधित पानाची प्रत देयकास जोडावी आणि नोंदवहीत कि.मी.शेजारी तारखेचाही रकाना ठेवावा. काढलेले तेल नाल्यात वा मातीत न ओतता बंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पोहोचवावे.