मूत्राशयाची गाठ : आतून किरण, जोडीला औषध

"लघवीतून रक्त गेले, पण दुखले नाही, म्हणून थांबलो," असे सांगणारे रुग्ण नेहमी भेटतात. हे न दुखणेच फसवे असते. मूत्राशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते.

हा रोग कुत्र्यांनाही होतो. १९३८ साली अमेरिकेत ह्यूपर यांनी रंगाच्या कारखान्यातील बीटा-नॅफ्थिलअमाईन हे रसायन कुत्र्यांना दिले, तेव्हा त्यांच्या मूत्राशयात गाठी झाल्या. कामगारांच्या आजाराचे कारण असे उघड झाले.

उपचारांचा अभ्यासही प्राण्यांवर होतो. किरणोत्सर्गी द्रव्य गाठीजवळ ठेवायचे व जोडीला सिस्प्लॅटिनसारखे औषध द्यायचे, ही त्यातील एक पद्धत. किरण पेशीतील डीएनए तोडतात. पेशी ते सांधू पाहते. औषध सांधू देत नाही. अंतर वाढले की किरणांचा जोर झपाट्याने घटतो, म्हणून शेजारच्या आतड्याला झळ कमी लागते. मात्र औषधामुळे निरोगी पेशीही हळव्या होतात. मात्रा चुकली तर मूत्राशय आक्रसते. म्हणून आधी प्राण्यांवर पडताळणी.

माणसांत बाहेरून किरण देऊन ही जोडी तपासली गेली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ३६० रुग्णांच्या अभ्यासात, दोन वर्षांनंतर ओटीपोटात रोग न उलटलेले रुग्ण केवळ किरणांनी ५४ टक्के, तर औषधाच्या जोडीने ६७ टक्के होते.

वाचकहो, तंबाखू, विडी, सिगारेट सोडा. लघवीत एकदा जरी रक्त दिसले तरी डॉक्टरांना गाठा. रक्त थांबले म्हणजे रोग गेला, असे नव्हे.